आडे सरांचं स्वस्त लिंबू

किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत घटली की मागणी वाढते, हे राजकुमार आडे सरांनी घाटंजीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं शिकवलं. फळ्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी मागणीची ती रेघ ते डोळे मिटून काढू शकत. एकदा खरोखरच मिटून काढली होती. जेवणानंतरचा तास होता. सव्वीस वर्षांत त्या रेघेनं त्यांना कधी दगा दिला नाही. मात्र या सव्वीस वर्षांत सरांनी स्वतः कधी सुईसुद्धा विकली नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. ही हकिगत सांगताना सर स्वतःच ते आधी सांगतात. म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे हसायला संकोच वाटत नाही.

प्रकरण लिंबाचं. सरांच्या घरामागे एक लिंबोणी आहे. न्हाणीचं पाणी तिच्या आळ्यात जातं आणि साबणाचं पाणी पिऊन ती अशी माजली आहे की भर उन्हाळ्यातही लगडलेली असते. एरवी त्या लिंबांना गल्लीत कुणी विचारत नसे. सरांच्या पत्नी बबिताबाई पाटी भरून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायच्या, "घेऊन जा वं बाया, वाया जाऊन राह्यले" असं चार घरी सांगून यायच्या, आणि संध्याकाळी पाटी जशीच्या तशी. एकदा तर ती भरली होती त्याहून जास्त भरलेली सापडली. कुणीतरी आपल्या घरची किडकी वांगी त्यात टाकून गेलं होतं.

आणि मग तो एप्रिल आला. पारा चव्वेचाळीसवर गेला आणि बाजारात लिंबू दहा रुपयांना एक झालं. रसवंतीवाल्यानं 'लिंबू मागू नये' अशी पाटी लावली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं दारावर नुसत्या मिरच्या टांगल्या. नजरेला त्यानं बहुतेक सांगितलं असावं, की बाई, यंदा एवढ्यावर भागव.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या इंदूबाई आल्या.

"बबिता, दोन निंबू दे वं. माहं पोट गडबडून राह्यलं."

त्यानंतरच्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आले. मग पाहुण्यांचं पोट गडबडलं. शेजारचे लालसिंग राठोड, एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेले, ते तर मागायलाही आले नाहीत. सरळ काठी घेऊन झाडाखाली उभे. "सर, वरचे मी काढतो, तुमाले त्रास नको. खालचे तुमच्यासाठी ठेवतो." खालचे आदल्या दिवशीच मागच्या गल्लीतल्या लोकांनी कंपाउंडवरून हात घालून नेले होते.

सर पहिले चार दिवस बेहद्द खूश होते. बाहेर लिंबू महाग झालं म्हणून आपल्या लिंबाची मागणी वाढली! पर्यायी वस्तूचं इतकं रसाळ उदाहरण पाठ्यपुस्तकात कुठे आहे? त्यांनी ते वर्गात सांगितलं. संध्याकाळी अकरावीची सहा पोरं पिशवी घेऊन दारात. "सर, प्रात्यक्षिक पाहाचं होतं."

"तुमचा नियम ठेवा कपाटात अन् झाडाले कुलूप लावा," बबिताबाई म्हणाल्या. "फुकट होते तवा कोणी नेले नाही. महाग झाले तर आता सगळ्याले फुकटचे पाह्यजेत. उद्या आपल्यालेच विकत आणा लागन."

सरांनी विचार केला. कुलूप हा अर्थशास्त्रीय उपाय नव्हे. ज्या वस्तूला किंमत नाही तिची उधळपट्टी होते. तेव्हा किंमत ठेवायची, पण शेजारधर्माला शोभेल अशी. बाजारात दहा, तर आपल्याकडे पाच. निम्मी! म्हणजे लोक खूश, झाड सुरक्षित, आणि मागणी त्या रेघेवरून घसरगुंडीसारखी खाली येईल. त्यांनी पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलं : 'लिंबू. एक नग रु. ५ फक्त.' ते 'फक्त' त्यांना फार आवडलं. पुठ्ठा फाटकाला लावला आणि खुर्ची टाकून बसले.

तासाभरात इंदूबाई आल्या. त्यांनी पुठ्ठा वाचला. परत वाचला.

"पाच रुपये, सर?"

"बाजारात दहा आहे," सर उत्साहानं म्हणाले.

"बाजारचं सांगू नका. तुमच्या पोरीच्या लग्नात आमच्या घरून तीन दिवस दूध गेलतं, त्याचे कितीक लावता? पुठ्ठ्यावर लिहून द्या."

सरांनी वाऱ्यानं वाकडा झालेला पुठ्ठा सरळ केला. इंदूबाई गेल्या. पाऊण तासानं त्या बाजारातून परतल्या, तेव्हा त्यांच्या हातात पारदर्शक पिशवी होती आणि तिच्यात दहा रुपयांचं एक अशी चार लिंबं होती. बाजारातून येताना त्यांचं घर आधी लागतं. तरी त्या सरांच्या फाटकापर्यंत आल्या, तिथे थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि मग घरी गेल्या.

तीन दिवसांत पाच रुपयांचं एकही लिंबू खपलं नाही. उलट गल्लीतून सरांना होणारे नमस्कार घटले. फुकट असताना कुणी नेत नव्हतं, पाचला कुणी घेत नव्हतं, आणि दहाला लोक उन्हातून चालत जाऊन आणत होते. सरांनी एका कागदावर ही रेघ काढून पाहिली. ती खालून वर जात होती. सरांनी कागद आडवा धरला, तेव्हा बरं वाटलं.

"तुमचा माल चांगला, रूट चुकला," लालसिंग म्हणाले. "गल्लीत कोणी तिकीट काढते का? गल्ली म्हणजे पासवाले. उद्याच बाजार हाये, बाजारात बसा. मी येतो संगं. सुट्टे पैसे माह्यावर सोडा."

सरांची प्रतिष्ठा आडवी आली. बाजारात अर्धे लोक त्यांचे माजी विद्यार्थी, उरलेले त्या विद्यार्थ्यांचे बाप. पण झाडाची लिंबं पिवळी पडत होती आणि त्याहून जास्त, तो नियम पणाला लागला होता. गल्ली ही नातेवाइकांसारखी; तिथे भावना येते. बाजार मात्र शुद्ध असतो. खुल्या बाजारात पाच रुपयांचं लिंबू दहाच्या लिंबाला हरवणार, यात शंका घ्यायची तर सव्वीस वर्षांचा पगार परत करावा लागला असता.

त्याच संध्याकाळी तांड्यावरून त्यांच्या याडीचा, म्हणजे आईचा, फोन आला. बसंतीबाईंना बातमी कशी लागली देव जाणे. त्या आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलल्या त्याचा मराठी सारांश असा : आपले वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून पार समुद्रापासून डोंगरापर्यंत विकत गेले. लढाया चालल्या होत्या तरी त्यांचा माल खपला. आता तू सायकलवर निंबू घेऊन दीड किलोमीटर चालला आहेस, तर नाव खराब करू नको.

बाजाराच्या दिवशी सर दोनशे चाळीस लिंबं घेऊन सकाळीच पोचले आणि त्यांना कळलं की बाजारात मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. जिथे बसावं तिथे कुणीतरी दुरून ओरडे, "ती माह्या साळ्याची हाये!" चार ठिकाणांहून उठून शेवटी ते अमिनाबींच्या दुकानाशेजारी उभे राहिले. अमिनाबी चाळीस वर्षं बाजारात अद्रक, कोथिंबीर, मिरची आणि लिंबू विकतात. त्यांनी सरांकडे पाहिलं, आपलं पोतं हातभर ओढून घेतलं.

"बैठो सर. माह्या शाहिदले तुमीच शिकवलं."

"हो का? कुठे असतो?"

"गॅरेज हाये त्याचं, पांढरकवड्याले. दोन पोरं हाताखाली हायेत. तुमी त्याले दोन खेपा नापास केलतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच सरांना जास्त लागलं.

बूड टेकतं न टेकतं तोच पावतीवाला आला. "कायचं दुकान?"

"दुकान नाही. घरची लिंबं आहेत."

"घरची घरी इका मंग. इथं बसले म्हणजे दुकान." वीस रुपयांची पावती फाडली. म्हणजे लिंबू विकण्याआधीच चार लिंबं गेली. लालसिंगांनी तिकीट देताना जसं कोपऱ्यात भोक पाडत तसं नखानं त्या पावतीला भोक पाडलं आणि ती सरांच्या खिशात घातली. सवय.

मग सरांनी पुठ्ठा मांडला. शेजारी अमिनाबींची लिंबं, त्यांना पाटीबिटी काही नाही. सरांची लिंबं वर्गातल्या बाकांसारखी रांगेत, समोर 'रु. ५ फक्त'.

पहिलं गिऱ्हाईक आलं. धोतर, टोपी, खांद्यावर गमछा. त्यानं लिंबू उचललं, दाबलं, हुंगलं, उन्हात धरलं.

"पाचले काहून?"

"घरचं आहे म्हणून."

"बाजूले तर पंधरा सांगून राह्यली बाई. आतून कोल्लं हाये का?"

"कोरडं? अजिबात नाही!" सरांनी चाकूनं लिंबू कापून दाखवलं. रस त्यांच्या शर्टावर उडाला.

"हे बरोबर हाये," गिऱ्हाईक म्हणालं. "बाकीच्याचं काय सांगता येते?" आणि कापलेलं लिंबू घेऊन निघून गेलं.

दुपारपर्यंत सरांनी चौदा लिंबं कापली. एक बाई म्हणाली, औषध मारलेलं असंन. एक म्हणाला, मसणातल्या झाडाचे असतीन, लोक घेत नाहीत म्हणून स्वस्त. सरांनी हिशेब केला, की नियम बरोबर आहे पण किंमत अजून पुरेशी उतरलेली नाही. त्यांनी पाच खोडून चार केले. मग चार खोडून तीन. खाडाखोडीनं पुठ्ठा जसजसा घाण होत गेला तसतसे लोक लांबून वळसा घालू लागले. तीनवर आल्यावर एक ओळखीचे गृहस्थ जवळ बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, घरी काही अडचण आहे का? पगार थांबला का तुमचा?"

माजी विद्यार्थी तर त्याहून वाईट. शाम नावाचा एक, आता खताच्या दुकानाचा मालक, भर बाजारात सरांच्या पाया पडला. "सर, तुमी? इथं?" मग त्यानं अमिनाबींकडून वीस लिंबं घेतली. सरांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्याला दिसला असावा. "तुमच्याकडून पैसे देऊन कसं घेऊ, सर? बरं दिसत नाही," तो म्हणाला आणि पुन्हा पाया पडून गेला.

इकडे अमिनाबींचं लिंबू झपाझप जात होतं. त्या पंधरा सांगत. गिऱ्हाईक 'बाप्पा!' म्हणून उठे. दोन पावलं जाई. "अवं बाई, इकडे ये, तू रोजची हायेस, तेरा दे." बाई सात म्हणे. मग दोघींची घटकाभर अशी भांडणं, की सरांना वाटे आता पोलीस येतील. शेवटी दहावर सौदा पटे आणि बाई लढाई जिंकल्यासारखी मान ताठ करून जाई. आणि सर तीन रुपयांच्या पुठ्ठ्यामागे चोरासारखे बसलेले. त्यांच्याशी भांडायलाही कुणी येत नव्हतं. तीनवरून कुठे भांडणार?

ऊन डोक्यावर आलं तेव्हा अमिनाबींची लिंबं संपली. त्यांनी सरांच्या ढिगाकडे पाहिलं.

"पुरा ढीग सहाशेले देता का?"

सरांनी लालसिंगांकडे पाहिलं. "शेवटचा स्टॉप आला, सर," लालसिंग म्हणाले. "उतरा."

सहाशे रुपये घेऊन सर पाणी पिण्यापुरते टेकले आणि त्यांनी ते पाहिलं, जे पाहायला नको होतं. अमिनाबींनी ओलं पोतं अंथरलं, सरांच्या रांगा मोडून लिंबांचा उंच ढीग रचला, वरून पाण्याचा शिडकावा केला, चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टोकाला खोचली. "निंबू! ताजे निंबू! पंधराले एक!"

'औषध मारलेलं असंन' म्हणणारी बाई परत आली होती. तिनं तीच लिंबं उचलली, हुंगली, घासाघीस केली आणि दहाच्या भावानं सहा घेतली. जाताना तिला सर दिसले. तिनं कीव आल्यासारखं एक लिंबू त्यांच्यासमोर धरलं.

"पाहा सर. निंबू असं पाह्यजे."

सर म्हणतात, की त्या क्षणी त्यांना पहिल्यांदा शाहिदचा पेपर आठवला. त्या पोरानं उत्तरात लिहिलं होतं, 'लय स्वस्त दिलं तर लोक घेत नाहीत.' सरांनी त्याला लाल शाईनं शून्य दिलं होतं.

दुर्दैव इतक्यावर थांबलं असतं तर ते सरांचं कसलं. खाडाखोडीच्या पुठ्ठ्यामागे बसलेल्या सरांचा फोटो कुणीतरी काढला होता आणि तो संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात लेखी खुलासा मागणारं पत्र : 'आपण विनापरवानगी खाजगी व्यवसाय करीत असल्याचे निदर्शनास आले आहे.' सर ते पत्र घेऊन हेडक्लार्क खेमसिंग जाधवांकडे गेले. खेमसिंगांना नियम पाठ होते आणि ते सांगताना त्यांना एक प्रकारची झोप येई.

"परवानगीचा अर्ज करा. मालाचं वर्णन, वार्षिक उत्पन्न, झाडाचा तपशील."

"झाडाचा तपशील म्हणजे?"

"झाड कोणाच्या नावानं हाये?"

सर विचारात पडले. "झाड... प्लॉटवर आहे. प्लॉट मिसेसच्या नावानं घेतला आहे. नोंदणीला सूट होती."

खेमसिंगांनी डोळे उघडले. "मंग तुमचा काय संबंध? झाड बाईचं, निंबू बाईचे. बाईनं विकले तर कोण रोखते? तुमी खुलाशात लिहून द्या, की मी फक्त पत्नीच्या मालाजवळ बसलो होतो."

सव्वीस वर्षांचे प्राध्यापक राजकुमार आडे यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, की सदर दिवशी ते पत्नीच्या मालाजवळ बसले होते. आवक-जावक रजिस्टरात त्याची नोंद झाली. आजही ते कागद फाइलला आहेत.

"मंग बाजारात मीच जातो," घरी हे ऐकून बबिताबाई म्हणाल्या. त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की सरांना आपला थोडा अपमान वाटला.

पुढच्या बाजारापर्यंत झाडावर आणखी दोनशे लिंबं तयार झाली. त्या आठवड्यात सरांनी बायकोला किमतीचं मानसशास्त्र समजावलं. पंधरा सांग, दहाला सोड, पाणी शिंपड. बबिताबाई पोळ्या लाटत ऐकत होत्या. "मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "घेतानी आपण तेच करतो. तुमी कधी बाजारात संगं आले असते तर तुमालेबी दिसलं असतं."

बाजारात अमिनाबींनी या वेळी पोतं हातभर नव्हे, दोन हात सरकवलं. बबिताबाई बसल्या, ढीग रचला, शिडकावा केला. पण सकाळची वेळ. अमिनाबींपुढे रोजची गिऱ्हाइकं आणि बबिताबाईंपुढे कुणीच नाही. सर दहा पावलांवर, पत्नीच्या मालापासून नियमानुसार अंतर राखून, लिंबाच्या नव्हे तर वांग्यांच्या दिशेला तोंड करून उभे.

अमिनाबींनी त्यांना खूण करून बोलावलं. "सर, गिऱ्हाईक मालाले पाहून येत नाही. गिऱ्हाईकाले पाहून येते. तुमी गिऱ्हाईक बना."

"मी? माझ्याच लिंबांचं?"

"तुमचे कुठं? बाईचे हायेत. तुमीच लिहून देलं म्हणते ना कॉलेजात."

गावात काही लपत नाही. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"लिंबं कशी दिली?"

"पंधराले एक," बबिताबाई वर न पाहता म्हणाल्या.

"पंधरा! काय सोन्याची आहेत का?"

"सोनं पाह्यजे असंन तर सराफाकडे जा."

कुणीतरी हसलं. दोन बाया थांबल्या. सरांचे कान तापले. हे ठरलेलं नव्हतं. ठरलेलं होतं की ती तेरावर येईल.

"आठनं द्या," सर म्हणाले.

"आठले तुमच्या घरी पिकतात का निंबू?"

सर 'हो' म्हणता म्हणता थांबले. गर्दी वाढली. पिशव्या खाली ठेवल्या गेल्या. सर नऊवर गेले, बबिताबाई चौदावर आल्या. सर म्हणाले, मागच्या बाजारात इथेच तीनला होती. "तो येडा होता कोणीतरी," बबिताबाई म्हणाल्या, "त्याचं नाव नका घेऊ." या वेळी सगळे हसले. आणि खरं सांगायचं तर इथून पुढे सर नाटक करत नव्हते. एकतीस वर्षांत भाजी किती महाग आणली, चपला कुठे काढल्या, याडीला फोन का केला नाही, या सगळ्या वादांत जे हरले होते ते सगळं त्यांना एकदम त्या लिंबावरून जिंकायचं होतं.

"दहा! शेवटचं!"

"बारा. घ्याचं तर घ्या, नाही तर गिऱ्हाईकाले जागा द्या."

"देऊन टाका वं बाई, मास्तर हायेत," एक म्हातारा म्हणाला.

"मास्तरचा पगार माहीत हाये मले," बबिताबाई म्हणाल्या, आणि ते तर खरंच होतं.

"अकरा!" सर ओरडले.

बबिताबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं, पण किंमत उतरत नव्हती. त्यांचं हे रूप सरांनी कधी पाहिलं नव्हतं. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि भोवती सगळा बाजार गोळा. घरात रोज 'भाजी कोणती करू' असं विचारणारी ही बाई इथे राणीसारखी बसली होती. सरांचा हात आपोआप खिशात गेला.

"बारानं बारा द्या," ते म्हणाले.

"एकशे चव्वेचाळीस."

"नंतर..." सर पुटपुटले.

"उधार नाही."

सरांनी दीडशे रुपये काढून दिले. सहा रुपये सुट्टे नव्हते. बबिताबाई त्याचं आणखी अर्धं लिंबू होतं म्हणाल्या आणि त्यांनी उदारपणे एक अख्खं वर टाकलं. तेरा लिंबं पिशवीत घेऊन सर गर्दीतून बाहेर पडले, तो मागून गर्दी ढिगावर कोसळली. "मास्तरले बारानं देलं, मले अकरानं दे!" "मले दहा!" कुणी दाबून पाहत नव्हतं, कुणी हुंगत नव्हतं. अर्ध्या तासात पोतं रिकामं झालं. अमिनाबी स्वतःचा धंदा सोडून बसून हसत होत्या.

गर्दीत इंदूबाईही होत्या. "बबिता, शेजारी हाओ आपण. मले कायचे अकरा लावतं वं?"

"तुमाले कोण अकरा लावन? दहा द्या."

"नऊ."

"बरं नऊ. पण कोणाले सांगू नका."

दुपारी इंदूबाई सरांच्या ओसरीवर येऊन बसल्या. पुठ्ठ्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा. लिंबांची पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली होती आणि नऊची गोष्ट त्या कुणालाही सांगत नव्हत्या, फक्त दोनदा सरांना सांगितली. मग जरा वेळानं म्हणाल्या, "सर, पैशाचं काही नव्हतं. तुमी पुठ्ठा लावला ना, ते लागलं. पुठ्ठ्यासंग काय बोलता? माणूस असला तर दोन शब्द होतात."

सरांनी मान हलवली. असं काही अभ्यासक्रमात नव्हतं.

बबिताबाईंनी सरांच्या पिशवीतली दोन लिंबं काढली, एक पिळलं आणि तिघांना सरबत केलं. सरांनी एक घोट घेतला. मग दुसरा, जिभेवर घोळवून.

"बबिता, ही लिंबं वेगळी लागतात. जास्त रसाळ आहेत."

"त्याच झाडाचे हायेत जी. आपल्या."

"असतील. पण वेगळी लागतात."

इंदूबाईंसाठी अजून एक पेला करावा म्हणून बबिताबाईंनी दुसरं लिंबू चाकूखाली धरलं. सरांनी घाईनं त्यांचा हात धरला.

"अर्ध्यात भागव," ते म्हणाले. "बाराचं आहे."